डोलवीचा आकडा

मुंबईहून निघालेला प्रवासी पनवेल ओलांडतो, कर्नाळ्याच्या सुळक्याकडे मान वर करून बघतो, पेणला पोह्याचे पापड घेतो आणि वडखळच्या नाक्यावर येऊन ठेपतो. तिथे रस्त्याला फाटा फुटतो. ज्याला अलिबाग गाठायचे तो उजवीकडे वळून धरमतरच्या पुलाला लागतो. ज्याला महाड, चिपळूण किंवा गोवा गाठायचा तो नागोठण्याची वाट धरतो. डोलवी या नाक्याच्या अगदी जवळ आहे. पण अलिबागकर वळण्याच्या घाईत असतो आणि गोवेकराला पुढचा पल्ला दिसत असतो. डोलवी दोघांच्याही नजरेच्या कोपऱ्यात राहते. कारखान्याच्या कामाला जाणारा सोडला, तर ‘मी डोलवी बघायला चाललो’ असे म्हणून घराबाहेर पडलेला माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी मात्र गेलो. एका जुन्या विद्यार्थ्याचे घर त्या बाजूला आहे. दर दिवाळीला तो न चुकता आमंत्रण करी आणि मी न चुकता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढे करी. गेल्या आश्विनात मात्र त्याने संपूर्ण पत्ताच लिहून पाठवला, जणू पत्त्याअभावीच मी इतकी वर्षे अडलो होतो! मुक्काम डोलवी, तालुका पेण, जिल्हा रायगड, आणि शेवटी सहा आकडे : ४०२१०७.

वाचकहो, माझा पेशा मराठी शिकवण्याचा. पण लहानपणी एका गणिताच्या मास्तरांनी लावलेले एक वेड अद्याप सुटलेले नाही. मोटारीची पाटी असो, आगगाडीचे तिकीट असो की विजेचे बिल असो, त्यावरचा आकडा दिसला की तो उलटासुलटा करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरची मंडळी या सवयीला हसतात. डोलवीचा पत्ता हाती आला तेव्हा गावाच्या नावाआधी मी त्या आकड्याच्याच प्रेमात पडलो. चार लाख दोन हजार एकशे सात. हा आकडा मनात घोळवीतच मी एस्टीत बसलो आणि तीन दिवस डोलवीत राहून परत आलो. ही हकीगत त्या गावाची आहे, तितकीच त्या आकड्याचीही आहे.

प्रथम गाव. पेणपासून अलिबागपर्यंतच्या या सखल पट्ट्याला खारेपाट म्हणतात. अंबा नदी इथे धरमतरच्या खाडीला मिळते. भरतीचे खारे पाणी आत घुसते आणि ओहोटीला चिखल उघडा टाकून निघून जाते. अशा जमिनीत भात पिकवायचे, म्हणजे आधी समुद्राशी तह करावा लागतो. तो तह म्हणजे बांध. खाडीच्या बाजूचा बाहेरकाठा मजबूत हवा आणि शेतातले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी हवी. १९४८ साली मुंबई प्रांताने खारभूमीसाठी कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला. पण बांध बांधण्याची विद्या या कायद्यांहून कितीतरी जुनी आहे. मी गेलो तेव्हा भात पिवळे पडू लागले होते. बांधावर बगळे उभे होते आणि तळ्यातला जिताडा आज पाहुण्याच्या पानात पडणार की नाही, यावर घरात गंभीर चर्चा चालू होती. (पडला. त्याचे वर्णन करून मी शाकाहारी वाचकांचा रोष ओढवून घेत नाही.)

आता कारखाना. शेताच्या बांधावर उभे राहून मान वळवली की आभाळाच्या एका कडेला पोलादाचा कारखाना दिसतो. चिमण्या, पट्टे, प्रचंड पत्र्याच्या इमारती आणि रात्री तांबूस झालेले आकाश. १९९० नंतरच्या दशकात इस्पात कंपनीने तो इथे उभारला. २०१० साली तो जे.एस.डब्ल्यू.कडे आला. खाडीतून बार्जे कच्चा माल घेऊन येतात आणि धरमतरच्या धक्क्याला लागतात. एके काळी याच धरमतरला मुंबईची आगबोट लागत असे आणि उतारू उतरून पेणकडे जात असत. आता तिथे उतरते ते खनिज आणि कोळसा. कारखान्याची ताकद आधी वर्षाला पन्नास लाख टनांची होती. पुढे ती वाढवून एक कोटी टनांवर नेली. गावात कोणाशीही बोला, एक कोटीचा हा आकडा कुठून तरी निघतोच. रिक्षावाला सांगतो, दुकानदार सांगतो, आणि ज्याचा मुलगा तिथे कामाला आहे तो बाप तर छाती पुढे काढून सांगतो.

म्हणजे डोलवीला दोन मोठे आकडे आहेत. एक कोटी, जो सगळ्यांना पाठ आहे; आणि ४०२१०७, जो सगळे लिहितात पण कोणी बघत नाही. मी या दुसऱ्याच्या मागे लागलो.

हा आकडा आला कुठून? आपल्या देशात एकाच नावाची गावे किती! वडगाव, नांदगाव, पिंपळगाव यांची गणती करायला बसलो तर फराळाचे ताट निवून जाईल. त्यात पत्ता लिहिणारा एका भाषेत लिहिणार आणि वाटणारा दुसऱ्या भाषेत वाचणार. हा गोंधळ मिटवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालखात्याने पिन क्रमांक सुरू केला. त्यामागचे डोके होते श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे. हे गृहस्थ कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे. टपालखात्यात ते मोठे अधिकारी होते आणि त्याच वेळी संस्कृतातले नामवंत कवी व नाटककारही होते. मराठीच्या मास्तराला याहून गोड बातमी कोणती? देशभरच्या पत्रांना आकड्यांत बांधणारा माणूस मुळात शब्दांचा होता!

त्यांच्या रचनेत प्रत्येक अंकाला काम आहे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. ४० म्हटले की मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात आलो. ४०२ म्हणजे रायगड. उरलेले तीन अंक म्हणजे टपालकचेरी. १०७ म्हणजे पेण, आणि पेणच्या पाठीला पाठ लावून डोलवी. शेजारी नागोठण्याला १०६, पोयनाडला १०८ आणि रोह्याला १०९. एखाद्या चाळीतल्या खोल्यांसारखी ही गावे एकामागून एक नांदतात.

आणखी एक गंमत. पिनची पद्धत सुरू झाली तेव्हा या जिल्ह्याचे नाव रायगड नव्हते. ते कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. समोरून जाणारा रस्ता आधी सतरा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, तो आता सहासष्ट क्रमांकाचा आहे. कारखान्याची पाटी बदलली. पण पाकिटावरचे सहा आकडे पोस्टमनला डोलवीच्या वाटेवर आणून सोडतात, ते सोडतातच.

इथवरची माहिती टपालखात्याची झाली. पण आकड्याला खात्याने दिलेले काम हा त्याचा पोशाख झाला. पोशाखाच्या आत त्याचा स्वतःचा स्वभाव असतो, आणि तो कोणत्याही खात्याला देता किंवा काढून घेता येत नाही. हे मला शिकवले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या गणिताने.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत त्यांनी मुलांना शिकवले आणि १९८६ साली देवळालीतच ते वारले. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. कागद, पेन्सिल आणि आकडे एवढेच भांडवल. पुष्कळ पंडितांनी त्यांच्या शोधांना पोरखेळ मानले. पण १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या संख्यांवर लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. त्यांचा ६१७४ हा आकडा तर आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

कापरेकर स्वभावाने प्रवासी असावेत, असे मला नेहमी वाटते. डोंबिवलीच्या स्टेशनावर त्यांना ज्या संख्या सुचल्या त्यांना त्यांनी स्टेशनाच्या जुन्या नावावरून डेम्लो संख्या म्हटले. काही संख्यांना आपल्या देवळालीचे नाव दिले. आणि एका जातीच्या संख्यांना त्यांनी चक्क जंक्शन म्हटले!

हे जंक्शन काय आहे, ते सांगतो. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले, तर २ आणि ३ मिळून ५. २३ आणि ५ मिळून २८. म्हणजे २३ हा २८ चा जनक झाला. काही संख्यांना जनकच नसतो. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. पण काहींना दोन जनक असतात, दोन वाटांनी त्यांच्यापाशी पोचता येते. शंभराच्या आत असे एकही उदाहरण नाही. पहिले उदाहरण १०१ चे. ९१ मध्ये ९ आणि १ मिळवा, १०१ येतात. १०० मध्ये १ मिळवा, तरी १०१ च येतात.

डोलवीत पहिल्या संध्याकाळी ओटीवर बसून मी ४०२१०७ चे जनक शोधायला लागलो. ४०२१०० घेतले. त्याच्या अंकांची बेरीज ७. मिळवले, तर ४०२१०७! पहिल्याच फटक्यात जनक सापडला. मग जरा मागे सरकून ४०२०९१ घेतले. अंकांची बेरीज १६. मिळवले, तर पुन्हा ४०२१०७! डोलवीचा आकडा जंक्शन निघाला. आणि नीट बघितले तर कारणही हाती येते. पुढच्या ४०२ ची बेरीज ६; मागे ९१ आणि १०० हे तेच कापरेकरांचे जुने जोडपे. १०१ मध्ये ६ मिळवा, १०७ होतात. रायगडच्या ४०२ च्या मागे कापरेकरांचे १०१ दडून बसले आहेत, एवढेच!

मी वही मिटून समोर बघितले. दूर वडखळच्या बाजूला दिव्यांच्या दोन माळा सरकत होत्या. एक अलिबागकडून येणारी, एक महाडकडून येणारी. नाक्यावर दोन्ही एकत्र होऊन पेणकडे जात होत्या. ज्याच्या शेजारी दोन वाटा मिळतात, त्या गावाच्या आकड्यातही दोन वाटा मिळाव्यात, हा निव्वळ योगायोग. टपालखात्याच्या मनात असे काही असणे शक्य नाही. त्यात शुभाशुभही काही नाही; अंकांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या वाटेला मी जात नाही. पण योगायोग बघून हसू नये, असा काही नियम आहे का?

दुसऱ्या संध्याकाळी मोठे काम काढले. हा आकडा फुटतो का, ते बघायचे. गणिताच्या भाषेत, त्याचे अवयव पाडता येतात का. बारा घेतले तर तीन चोक बारा, म्हणजे तो फुटला. तेरा फुटत नाही. तेराला एक आणि तेरा यांखेरीज कोणी भागू शकत नाही. अशा न फुटणाऱ्या संख्येला मूळ संख्या म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. मूळ म्हणजे जिच्या खाली आणखी काही नाही ती. बाकी सगळ्या संख्या या मूळ संख्यांच्याच गुणाकारातून उभ्या राहतात.

४०२१०७ मूळ आहे की नाही हे ठरवायला दर संख्येने भागून बघावे लागत नाही. फक्त मूळ संख्यांनी भागून बघायचे, आणि तेही ६३४ पर्यंतच; कारण ६३४ चा वर्ग ४,०१,९५६ आणि ६३५ चा वर्ग आपल्या आकड्याच्या पुढे जातो. आकडा फुटलाच, तर त्याचा एक तुकडा ६३४ च्या आत असलाच पाहिजे. आता ६३४ च्या आत मूळ संख्या किती? एकशे पंधरा. म्हणजे एकशे पंधरा भागाकार. २, ३, ५, ११ यांना तोंडीच बाजूला सारता येते. उरलेल्यांसाठी मी पेन्सिलीला टोक काढले.

सातने भागले, सहा उरले. तेराने, चार उरले. सतराने, पुन्हा सहा. घरातली मुले भोवती जमली. त्यांना हा खेळ वाटला आणि प्रत्येक भागाकाराच्या शेवटी ‘फुटला का, सर?’ असा गजर होऊ लागला. १०७ ची पाळी आली तेव्हा मुलांची उत्कंठा शिगेला पोचली. आकड्याच्या शेवटीच १०७ आहेत, मग १०७ ने भाग जाणारच! गेला नाही. ३,७५८ वेळा १०७ म्हणजे ४,०२,१०६. अवघा एक उरला! मुले हळहळली. तिसऱ्या संध्याकाळी ५०९ ने असाच चकवा दिला. ७९० वेळा ५०९ म्हणजे ४,०२,११०, फक्त तीन जास्त. शेवटी ६३१ ने भागून १६० उरले आणि मी पेन्सिल खाली ठेवली. ४०२१०७ फुटत नाही. ती मूळ संख्या आहे.

विद्यार्थ्याची धाकटी बहीण बारावीला आहे. तिने मोबाइल काढला, आकडा घातला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तेच उत्तर दाखवले. मग मिस्कीलपणे विचारले, ‘सर, दोन संध्याकाळी कशाला घालवल्या?’ मी म्हटले, ‘मुली, मोटारीत बसून डोलवीवरून रोज हजारो माणसे जातात. त्यांना डोलवी किती ठाऊक असते?’ ती हसली. पण तिने नंतर एक चांगले काम केले. शेजारच्या गावांचे आकडेही तिने तपासून दिले. नागोठणे आणि पोयनाड सम, म्हणजे दोनातच फुटले. रोह्याचा ४०२१०९ मात्र दिसायला अगदी डोलवीच्या जातीचा. पण तोही २३ आणि १७,४८३ असा फुटला. चाळीच्या त्या चार खोल्यांत न फुटणारी एकटी पेण-डोलवीची. यात अद्भुत काही नाही. सहा अंकी संख्या नऊ लाख. त्यांपैकी ६८,९०६ मूळ आहेत, म्हणजे तेरांत एखादी. तरी आपल्या ओळखीच्या माणसाला बक्षीस मिळाले की आनंद होतोच.

हा आनंद मी घरातल्या आजींना जाऊन सांगितला. आजी ओटीच्या कोपऱ्यात वाल सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. साऱ्या आयुष्यात कितीतरी उधाणे बघितलेल्या. म्हटले, ‘आजी, तुमच्या गावाचा आकडा फुटत नाही.’ त्यांनी हातातला वाल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आकडा नाय फुटत ते बरा झाला, मास्तर. पण बांध फुटतो त्याचा काय?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्याच बोलू लागल्या. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले आणि बाहेरकाठ्याला खांड गेली, की खारे पाणी रात्रीत शेतात शिरते. उभे भात जाते. नुसते एक पीक गेले तर सोसता येते. पण मीठ जमिनीत मुरते, आणि ते धुऊन निघेपर्यंत पुढचे काही पावसाळे जमीन रुसून बसते. पूर्वी खांड गेली की सारा गाव टोपल्या घेऊन धावे. चिखलाचे डिखळे हातोहात पुढे जात. ज्याचे शेत नाही तोही उभा राही, कारण पाणी कोणाचे शेत विचारून शिरत नाही. आता मुले कामावर असतात, पाळ्या असतात. जमीनही पूर्वीइतकी राहिली नाही. आजी कोणाला दोष देत नव्हत्या. नातवाच्या पगारावर घराची नवी भिंत उभी राहिली हे त्यांनीच मला आधी कौतुकाने दाखवले होते. त्या फक्त सांगत होत्या की बांधाकडे बघणारे डोळे कमी झाले.

मराठीत ‘फुटणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. अंकुर फुटतो, पहाट फुटते, वाटेला फाटा फुटतो, दिवाळीत फटाके फुटतात. माझ्या वहीत संख्या फुटतात, आणि आजींच्या आयुष्यात बांध फुटतो. संख्या फुटते की नाही हे कायमचे ठरलेले आहे. वेलणकरांच्या आधी, कापरेकरांच्या आधी, खाडीच्याही आधी. तिथे आपण फक्त शोधू शकतो. बांधाचे तसे नाही. तो न फुटणे हा त्याचा गुणधर्म नसून माणसांची मेहनत आहे, आणि ती दर वर्षी नव्याने करावी लागते. तीन दिवसांत मला डोलवीत कळलेली मोठी गोष्ट हीच.

पण म्हणून आकड्यांचा नाद फुकट गेला, असेही मला वाटत नाही. त्या रात्री मी कारखान्याच्या तांबूस आभाळाकडे बघत तो दुसरा प्रसिद्ध आकडा घेतला. एक कोटी. त्याचे अवयव पाडायला पेन्सिलही लागत नाही. सात वेळा दोन आणि सात वेळा पाच, बस्स. १२८ गुणिले ७८,१२५ म्हणजे एक कोटी. एवढा थोरला आकडा, पण आत दोन आणि पाच यांखेरीज तिसरे कोणी नाही. त्याला मी नावे ठेवीत नाही. टन मोजायला, पगार मोजायला तोच सोयीचा, आणि त्या टनांवर शेकडो घरांची चूल पेटते. पण तो मोजमापाचा आकडा आहे. आधी पन्नास लाख होता, आता कोटी आहे, पुढे आणखी काही होईल. ४०२१०७ कशाचे माप नाही. तो मोठा नाही, लहान नाही. तो फक्त डोलवीचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा आहे. गाव किती पिकवते हे तो सांगत नाही. गाव आहे, एवढेच सांगतो. ज्या जागी बाहेरच्या माणसाला फक्त टन दिसतात, तिथे आजी राहतात हे सांगायला मला हाच आकडा जवळचा वाटतो.

निघायच्या दिवशी पहाटे खाडीवर गेलो. जाण्यापूर्वी कापरेकरांची ६१७४ ची रीत या सहा अंकांवर करून बघितली होती. सहा अंकी संख्यांना एकच मुक्काम नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर थांबतात आणि काही कुठेच थांबत नाहीत. डोलवीच्या आकड्याचे अंक मांडले : ७४२१०० उणे ००१२४७, आले ७४०८५३. पुन्हा केले, आले ८४०८५२. मग ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, आणि परत ८४०८५२! सात संख्यांचे रिंगण. एकदा आत शिरले की बाहेर पडणे नाही, थांबणेही नाही. धरमतरच्या खाडीत तेव्हा ओहोटी संपत आली होती. चिखलावर खेकडे धावत होते, दूर एक बार्ज पाण्याची वाट बघत उभे होते. मग पाणी फिरले. साडेबारा तासांनी पुन्हा इथेच येण्यासाठी ते वर चढू लागले आणि उघाडीच्या झडपेवर थडकले. झडप मिटली. बांध भक्कम होता.

इंग्रज गणिती हार्डी आजारी रामानुजनांना भेटायला गेले तेव्हा आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक त्यांना अगदीच नीरस वाटला होता. रामानुजनांनी पडल्या पडल्या सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून जी दोन निरनिराळ्या रीतींनी मांडता येते, अशी ही सर्वांत लहान संख्या आहे. एक आणि बारा यांचे घन मिळवा, किंवा नऊ आणि दहा यांचे. तेही एक जंक्शनच! रामानुजन होणे आपल्या हाती नाही. पण टॅक्सीच्या पाटीकडे दुसऱ्यांदा बघणे कोणाच्याही हाती आहे.

मे २०२५ मध्ये टपालखात्याने डिजिपिन नावाची नवी खूण आणली. सुमारे चार मीटर लांब व तितक्याच रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांची स्वतंत्र ओळख. डोलवीतल्या आजींच्या ओटीला आता वेगळी खूण आणि तिच्या मागच्या गोठ्याला वेगळी! सोय मोठी आहे. रुग्णवाहिकेला घर सापडेल, तर कोणाला नको? पण त्या खुणेत रोमन अक्षरेही आहेत. ती फुटते का, तिला जनक किती, हे तिला विचारता यायचे नाही. आणि पेणचा मूर्तिकार आणि डोलवीचा शेतकरी जसा एकच आकडा वाटून घेतात, तसा तो चौकोन कोणी कोणाशी वाटून घेणार नाही.

म्हणून, मंडळी, यंदा फराळाची ताटे उचलली गेली की घरातल्या मुलांना जवळ बोलवा आणि आपला पिन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. अंकांची बेरीज करा, जनक शोधा, एक की दोन की स्वयंभू ते बघा. अंक उतरते-चढते मांडून वजा करीत जा आणि तो कुठे थांबतो की रिंगणात सापडतो ते पाहा. सगळ्यात शेवटी तो फुटतो का ते तपासा. मोबाइल अर्थातच दूर ठेवा. सगळे भागाकार चार मुलांत वाटले तर एक संध्याकाळ पुरते, आणि भागाकार चालू असताना आजी-आजोबांना त्या आकड्याच्या गावाबद्दल विचारा. तिथले पाणी कुठून येते, बांध कोणी बांधला, पहिले पत्र कोणी वाचून दाखवले. भागाकाराला बाकी काय उरेल ती उरो. ही उत्तरे मात्र आत्ताच लिहून ठेवावी लागतात.

माझ्या टेबलावर एक पाकीट पत्ता घालून तयार आहे. डोलवीच्या आजींना लिहिलेले. आत मजकूर थोडाच आहे : कुशल विचारले आहे, जिताड्याबद्दल पुन्हा आभार मानले आहेत आणि या वर्षी बाहेरकाठा कसा आहे, ते कळवायला सांगितले आहे.